ठाणे खाडीतील फ्लेमिंगो खरोखर घटले का, हे दहा वर्षांच्या मासिक मोजणीवरून कसे ठरवावे?
पहिल्या आणि शेवटच्या वर्षाची नुसती वजाबाकी करू नये. फ्लेमिंगो हिवाळ्यात येतात आणि पावसाळ्यापूर्वी बहुतांश परततात, म्हणून ऋतुचक्र आणि मोजणीच्या वेळची भरती-ओहोटी हे घटक सांख्यिकी मॉडेलमध्ये (आकडे कशाकशाने बदलतात हे मांडणाऱ्या गणिती सूत्रात) आधी घालावेत. ओहोटीला खाडीच्या उघड्या चिखलावर चरणारा थवा भरती येताच नेरुळकडच्या पाणथळींवर जाऊन बसतो, आणि एकही पक्षी न घटता आकडा कोसळतो. थव्यांमुळे मोजणीचे आकडे फार विखुरलेले (कधी अगदी कमी, कधी प्रचंड) असल्याने, विचरण सरासरीइतकेच धरणाऱ्या प्वासाँ वितरणाऐवजी जास्त विचरण सामावणारे ऋण द्विपद वितरण घ्यावे. लागोपाठच्या महिन्यांचे आकडे परस्परांशी निगडित असतात. हा स्वसहसंबंध दुर्लक्षिला, तर बदलबिंदू (आकड्यांची पातळी किंवा कल बदलतो तो महिना) शोधणारी पद्धत नसलेले बदलही दाखवते (माझ्या मते सर्वाधिक फसगत इथेच होते). बदलाचा महिना सांगताना त्याची अनिश्चितताही द्यावी.