ब्रेन इमेजिंग शिकायचंय? मशीनसाठी थांबू नकोस

तुझा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहेस, विषय झूलॉजी. मेंदूच्या इमेजिंगमध्ये संशोधन करायचंय, पण बारावीनंतर गणित सुटलं. घरचे म्हणतात, एमआरआय टेक्निशियनचा कोर्स कर, धंतोलीत लगेच नोकरी लागेल. मीही नागपूरचीच, महाल भागातली. गेली अठरा वर्षं एफएमआरआयवर, म्हणजे मेंदूचा कुठला भाग कधी कामाला लागतो ते टिपणाऱ्या एमआरआयवर, काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

घरच्यांचं चुकत नाही. धंतोली-रामदासपेठेत दवाखाने आणि स्कॅन सेंटर भरपूर आहेत आणि चांगल्या टेक्निशियनला मान आहे. पण ते काम वेगळं. तिथे समोरच्या एका पेशंटला गाठ आहे का, रक्तस्राव झालाय का, हे बघायचं असतं. आपल्याला माणूस एखादा शब्द आठवतो तेव्हा मेंदूत काय चालतं ते शोधायचं असतं, आणि ते थेट दिसतच नाही. पेशी कामाला लागल्या की त्या भागात ऑक्सिजनवालं रक्त जास्त येतं. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात वेगवेगळं वागतं. शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये उंदरांच्या मेंदूत हा फरक दाखवला, १९९२ मध्ये माणसांवरचे प्रयोग आले. रक्ताची ही लाट पाच-सहा सेकंद उशिरा शिगेला पोचते, सिग्नल जेमतेम एक-दोन टक्के बदलतो, आणि स्कॅनमधल्या ३ मिलिमीटरच्या एका ठोकळ्यात मेंदूच्या काही लाख पेशी बसतात. छापून येतं ते लाल-पिवळं चित्र मेंदूचा फोटो नसतो, आकडेमोडीचा निकाल असतो.

म्हणून गणिताला पर्याय नाही. २०२० मध्ये एक अभ्यास आला. मेंदूच्या स्कॅनचा एकच डेटा ७० टीमना दिला, नऊ प्रश्न तेच, तरी बऱ्याच प्रश्नांवर त्यांची उत्तरं जुळली नाहीत. कुणी लबाडी केली नव्हती. डेटा साफ करायच्या आणि तपासायच्या पायऱ्या प्रत्येकाने आपापल्या निवडल्या होत्या, बस. आपली पायरी आपण का निवडली हे सांगता आलं पाहिजे. त्यासाठी मॅट्रिक्स, संभाव्यता आणि पायथन रोज तासभर कर. मी मॅट्रिक्स पीएच.डी.ला गेल्यावर शिकले, फार उशीर केला.

आणि यासाठी नागपुरात मशीन शोधत फिरू नकोस. ओपनन्यूरो या वेबसाइटवर शेकडो अभ्यासांचे स्कॅन फुकट मिळतात. एफएसएल, एएफएनआय ही स्कॅन तपासायची सॉफ्टवेअरही शिकणाऱ्याला फुकट आहेत. वीसेक माणसांचा एक छोटा अभ्यास उतरवून घे आणि सगळ्यात आधी स्कॅन चालू असताना प्रत्येकाचं डोकं किती हललं तो ग्राफ काढ. माझ्या पहिल्या अभ्यासात २४ जणांचे स्कॅन केले होते, त्यातले ७ याच कारणाने टाकून द्यावे लागले. चार महिन्यांची मेहनत होती, मी लॅबच्या जिन्यात बसून रडले. नंतर कळलं, मी लोकांना मशीनमध्ये घाईघाईत आडवं करत होते. मानेखाली टॉवेल नीट लावणं, आवाज किती मोठा येईल ते आधी ऐकवणं, यात दहा मिनिटं जातात. ती द्यायचीच.

माणसाची काळजी हा या कामाचा अर्धा भाग आहे. ज्येष्ठांच्या स्मृतीच्या अभ्यासाला एक आजी आल्या. पेसमेकर, स्टेंट, ऑपरेशन, सगळं विचारून झालं. मंगळसूत्र काढून त्यांनी सुनेच्या हातात दिलं. दाराशी मी सहज पुन्हा चाचपून पाहिलं, तर पदराच्या घडीत सेफ्टी पिन! मशीनमधलं ३ टेस्ला ताकदीचं चुंबक स्कॅन नसतानाही चालूच असतं. ती पिन सुटून त्यांच्या डोळ्याकडे गेली असती. तेव्हापासून कपडे बदलून गाऊन घातल्याशिवाय मी कुणालाही आत नेत नाही, कितीही उशीर होवो.

पुढच्या शिक्षणासाठी मानेसरचं एनबीआरसी (राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र), प्रयागराजचं सीबीसीएस (अलाहाबाद विद्यापीठाचं वर्तन आणि बोधन विज्ञान केंद्र) आणि आयआयटी गांधीनगर यांचे एम.एस्सी. अभ्यासक्रम बघ. पीएच.डी.साठी बंगळुरूचं आयआयएससी आणि निम्हान्सही. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं धर. नेट-जेआरएफ ही संशोधनाची सरकारी शिष्यवृत्ती निघाली तर सुरुवातीला महिना ३७ हजार आणि वर घरभाडं मिळतं, हे घरी स्पष्ट सांग. त्यांची काळजी पैशाची असते आणि ती रास्त आहे.

परीक्षा होईपर्यंत बाकी काही नको. डोकं हलल्याचा पहिला ग्राफ निघाला की इथेच टाक, मी बघते.