वाचकांचे प्रश्न : उंच टँकला दिवा कोणता?

प्रश्न : आमच्याकडे (फोंडा) हॉलमध्ये ९० सेंटीमीटर लांब, ४५ रुंद आणि ६० उंच असा पाणवनस्पतींचा काचेचा टँक (अ‍ॅक्वेरियम) आहे. झाकणात ३० वॅटची एलईडी पट्टी आहे, पाण्यापासून जेमतेम ५ सेंटीमीटरवर. वर काचेला हिरवा थर धरतो आणि खाली मात्र रोटालाच्या (उभ्या काडीची पाणवनस्पती) काड्या उघड्या पडतात. दुकानदार दुप्पट वॅटची पट्टी सुचवतो. घ्यावी का?

उत्तर : दुकानदाराचं अर्धं बरोबर आहे. नुसती दुप्पट पट्टी त्याच झाकणात बसवलीत, तर आधी शेवाळंच दुप्पट जोमाने वाढेल. दोन फूट स्वच्छ पाणी फारसा उजेड शोषत नाही. तो कमी होतो तो अंतराने पसरल्यामुळे. वाळूचा थर आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी साधारण ५० सेंटीमीटर. तुमच्या पट्टीपासून पाण्याचा पृष्ठभाग ५ सेंटीमीटरवर आणि तळ ५५ वर, म्हणजे तळ ११ पट लांब. तोच दिवा पाण्यापासून २५ सेंटीमीटरवर टांगलात, तर तळ ७५ वर, फक्त तिप्पट लांब. वरखालचा फरक असा कमी होतो. तळाचा एकूण उजेड मात्र थोडा घटतो, आणि तो भरून काढायलाच जास्त ताकदीचा दिवा लागतो.

टँकमध्ये पाणी सुमारे २०० लिटर. मध्यम उजेडाच्या वनस्पतींना लिटरमागे २५ ल्युमेन (दिव्याच्या उजेडाचं माप) धरले तर ५,००० होतात. टांगल्यावर बाजूला थोडा वाया जातो, म्हणून ६,००० ल्युमेनचा, ६५०० केल्विनचा (म्हणजे पांढऱ्या उजेडाचा) आणि डिमर असलेला दिवा घ्या. खोक्यावरचे वॅट नव्हे, ल्युमेन वाचा. एका जाड पट्टीपेक्षा दोन बारीक पट्ट्या पुढे-मागे लावणं चांगलं, कारण झुडपाची सावली एकीकडेच पडत नाही. उजेड ६० ते ९० अंशांत एकवटणारी लेन्स असेल तर उंच टँकसाठी उत्तम.

सुरुवात ५० टक्क्यांवर, रोज ६ तास. तीन-चार आठवड्यांनी नवी पानं नीट येत असतील, तरच ताकद नाहीतर वेळ वाढवा, दोन्ही एकदम नको, आणि ८ तासांपुढे जाऊ नका. वनस्पतींसाठी पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडत नसाल तर ताकद फार चढवू नका. वनस्पतींना वापरता न आलेला उजेड शेवाळाच्या पथ्यावर पडतो. लाकडामुळे पाणी चहाच्या रंगाचं झालं असेल तर आधी ते पाणी बदला, कारण तो रंग उजेड खरोखरच खातो. रोटालाच्या काड्या मात्र छाटून शेंडे पुन्हा रोवावे लागतील. उघड्या काडीला खाली पानं सहसा परत येत नाहीत. तळाशी कमी उजेडात तगणाऱ्या वनस्पती, म्हणजे क्रिप्टोकोरिन, लाकडाला बांधलेलं अ‍ॅन्युबियास आणि जावा फर्न ठेवा. तळावर गालिच्यासारख्या पसरणाऱ्या वनस्पतींचा हट्ट या उंचीत महाग पडतो, आणि छाटायला हात खांद्यापर्यंत बुडवावा लागतो तो वेगळाच.

आपल्याकडच्या हवेचंही बघा. दमट, खाऱ्या वाऱ्यात ड्रायव्हरच्या (एलईडीला वीज पुरवणारा डबा) जोडण्या गंजतात. तो झाकणात न ठेवता बाजूला, टँकपेक्षा उंच आणि हवेशीर जागी लावा. वायर प्लगच्या खाली एक झोळ देऊन न्या, म्हणजे ओघळ प्लगमध्ये न शिरता खाली गळेल. त्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. पावसाळ्यात वीज गेली की चकतीचा टायमर तेवढाच मागे पडतो आणि दिवे रात्री उशिरापर्यंत जळत राहतात. बॅटरीचा डिजिटल टायमर घ्या.

प्रश्न : बाहेर लावायचा साधा एलईडी फ्लडलाइट चालेल का? (म्हापसा)

उत्तर : चालतो, आणि उंच टँकला तर बऱ्यापैकी. ६५०० केल्विनचे ३० वॅटचे दोन, पाण्यापासून ३० सेंटीमीटरवर टांगा. डिमर नसतो, त्यामुळे उजेड जास्त वाटला तर दिवा वर घ्या. सोफ्यावर बसणाऱ्याच्या डोळ्यांत तो घुसतो, म्हणून बाजूंना पत्र्याची झडप लावावी लागेल.