ग्रेड टेनची लिटरसी टेस्ट: तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या वेळी कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातून एकाच विषयावर इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत, रागावू नका.

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही दीड वर्षापूर्वी नाशिकहून ब्रॅम्प्टनला आलो, मुलगा ग्रेड टेनला आहे, तिकडे इंग्लिश मीडियमलाच होता आणि इंग्लिशमध्ये नव्वदच्या खाली कधी आला नाही. आता शाळेतून ईमेल आलाय की लिटरसी टेस्ट कंपल्सरी आहे, ती झाल्याशिवाय हायस्कूलचा डिप्लोमा नाही. म्हणजे ही इकडची दहावी बोर्डच ना? ओळखीतल्या एकांनी क्लास सुचवला, फी ऐकून मिस्टर गप्पच झाले. गाईड कुठलं घ्यायचं, किती टक्के लागतात, हे मार्क युनिव्हर्सिटीला जातात का, सगळंच सांगा.
(एक आई, ब्रॅम्प्टन)

उत्तर: बोर्ड नाही हो, आधी ती भीती काढून टाका. या परीक्षेला इकडे सगळे ओएसएसएलटी म्हणतात, ईक्यूएओ नावाची सरकारी संस्था ती घेते, आणि त्यात इंग्लिशच्या पुस्तकातलं काहीच विचारत नाहीत. ग्रेड नाइनपर्यंत सगळ्या विषयांत मिळून जेवढं वाचता-लिहिता यायला हवं तेवढं येतं का, एवढंच बघतात. टक्के नाहीत, रँक नाही. २०० ते ४०० च्या पट्टीवर ३०० चा स्कोअर आला की झालं, ३०१ वाला आणि ३९० वाला दोघंही सारखेच पास. ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे इकडच्या मार्कशीटवर, लिटरसीची अट पूर्ण झाली एवढीच नोंद येते, युनिव्हर्सिटीला स्कोअर दिसत नाही. डिप्लोमासाठी ३० क्रेडिट, ४० तास कम्युनिटीचं काम वगैरे ज्या अटी आहेत त्यातलीच ही एक. पहिल्यांदा बसणाऱ्यांपैकी दर पाचात चारांहून जास्त मुलं पास होतात, त्यामुळे क्लासची फी वाचवा, मिस्टरांना बोलतं करा. गाईडही नको, ईक्यूएओच्या साईटवर सराव परीक्षा फुकट आहे आणि ती खऱ्या टेस्टसारखीच स्क्रीनवर दिसते. ओळखीतून जुनी पुस्तकं मिळाली तर जरा जपून, कारण कागदावरच्या जुन्या परीक्षेत बातमी लिहायचा प्रश्न असायचा आणि त्या पुस्तकांची अर्धी पानं त्यातच गेलीत.

आता नव्वद टक्क्यांबद्दल. रागावू नका, पण आपल्याकडून आलेली हुशार मुलं नेमकी इथेच अडकतात. उतारा वाचून उत्तर शोधायला त्यांना येतं, पण उताऱ्यात जे सरळ लिहिलेलं नाही ते ओळखायचं आणि कशावरून ओळखलं ते लिहायचं, याची सवय नसते. एक उदाहरण देते, माझंच बनवलेलं आहे.

समजा उताऱ्यात असं आहे: दुकानदाराने दुकान बंद करायची वेळ झाली तरी दारावरची पाटी उलटी केली नाही. उलट आतली खुर्ची बाहेर आणली, बसला, आणि बस थांबली की मान वर करून बघायचा. प्रश्न: दुकानदार काय करतोय असं तुम्हाला वाटतं? उताऱ्यातला आधार द्या.

एक मुलगा लिहितो, तो कोणाची तरी वाट बघतोय. बरोबर आहे, पण आधार कुठाय? दुसरा लिहितो की आजच्या धकाधकीच्या जगात माणूस एकटा पडत चाललाय, शेजारधर्म संपला, आणि असं करत अर्धं पान भरतो. हा आपला निबंधवाला. भाषा छान, पण उताऱ्याला कुठे हातच लावलेला नाही. तिसरी मुलगी लिहिते, तो बसने येणाऱ्या कोणाची तरी वाट बघतोय कारण वेळ झाली तरी त्याने दुकान बंद केलं नाही आणि प्रत्येक बस थांबली की तो वर बघतो. दीड ओळ, व्याकरण साधं, एखादं स्पेलिंगही चुकलेलं असेल, आणि तीच तिघांत सगळ्यात वर. मी इतकी वर्षं इकडच्या वर्गात हे बघतेय, दुसऱ्या नंबरच्या मुलाच्या आईवडलांना ते पटवणं सगळ्यात अवघड जातं.

त्यामुळे तयारी म्हणजे रोज जेवताना पंधरा मिनिटं. कुठलीही बातमी घ्या, मराठी चालेल, आणि त्याला विचारा की लिहिणारा कोणाच्या बाजूने आहे असं वाटतं, आणि तो जे सांगेल त्यावर विचारा, कशावरून? एवढंच. पहिल्या आठवड्यात चिडेल, चिडू दे. शेवटी एक, मुलगा ईएसएलच्या, म्हणजे इंग्लिश नव्याने शिकणाऱ्यांच्या, वर्गात असेल आणि शिक्षकांना तो अजून तयार वाटत नसेल तर प्रिन्सिपलशी बोलून टेस्ट पुढे ढकलता येते, त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न: आमची मुलगी इथेच मिसिसागात जन्मली, मराठीपेक्षा इंग्लिशच जास्त बोलते, आणि तरी रिझल्टमध्ये "अजून यशस्वी नाही" असं आलंय!! घरात कोणाला सांगितलं नाही, देशात आजी-आजोबांना तर नाहीच. ती म्हणते पेपर सोपा होता. मग झालं काय? आणि आता पुढे काय?
(एक बाबा)

उत्तर: पेपर सोपा होता म्हणते ना, तिथेच मेख आहे. फाडफाड इंग्लिश बोलणारी मुलं पर्यायवाले प्रश्न पटापट उडवतात आणि जिथे स्वतः लिहायचं असतं तिथे दोन ओळी टाकून मोकळी होतात. नाहीतर मत मांडायचा जो मोठा लिखाणाचा भाग असतो तिथे विषय सोडून भलतीकडे जातात. समजा विषय आहे, शाळेत फोनवर बंदी असावी का. (ओंटारिओत सप्टेंबर २०२४ पासून फोनचे नियम कडक झाल्यापासून मुलांना यावर बोलायला फार आवडतं.) मुलगी लिहिते की फोनमुळे लक्ष जातं, मग लिहिते फोन वाजला की डिस्टर्ब होतं, मग लिहिते अभ्यासावर फोकस राहत नाही. तिला वाटतं तीन कारणं झाली, वाचणाऱ्याला दिसतं की एकच कारण तीनदा आलंय. त्याऐवजी एक लक्षाचं कारण, एक मधल्या सुट्टीत मुलं एकमेकांशी बोलत नाहीत हे, आणि दोन्हीला स्वतःच्या शाळेतलं एकेक खरं उदाहरण, तर काम होतं. तिला लिहायच्या आधी एका कागदावर फक्त कारणं मांडायला लावा आणि त्यातली जुळी कोणती ते तिलाच शोधू द्या.

रिझल्टबरोबर जो रिपोर्ट आलाय तो काउन्सेलरबरोबर बसून नीट वाचा. पुढचं सोपं आहे, टेस्ट परत देता येते, शाळा साधारण फॉलमध्ये आणि स्प्रिंगमध्ये घेतात. नाहीतर एकदा टेस्ट देऊन न जमलेल्या मुलांसाठी लिटरसीचा पूर्ण कोर्स आहे, त्याचा कोड ओएलसीने सुरू होतो, ग्रेड इलेव्हन किंवा ट्वेल्व्हला घेतात. तो पास झाला की अट पूर्ण आणि वर एक क्रेडिटही. काही मुलांना दोन तासांच्या टेस्टपेक्षा पूर्ण सेमिस्टरभर लिहीत राहणं खरंच जास्त सूट होतं, मला तर तो कोर्स टेस्टपेक्षा चांगला वाटतो. आजी-आजोबांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण मुलीसमोर कुजबुज नको. तिला "अजून नाही" एवढंच सांगितलंय, "नापास" घरात कुजबुजून आपण बनवतो.

प्रश्न: माझा नातू टोरांटोला आहे. लिटरसी टेस्ट जवळ आली म्हणून मुलाने घरात मराठी बंद केलंय, फक्त इंग्लिश. व्हिडिओ कॉलवर नातू आता हाय आजोबा म्हणून पळतो. मराठीने खरंच इंग्लिश बिघडतं का? स्पष्ट सांगा, मी मुलाला हे कात्रण पाठवणार आहे.
(एक आजोबा, कोल्हापूर)

उत्तर: आजोबा, पाठवाच. मराठीने इंग्लिश बिघडत नाही. टोरांटो युनिव्हर्सिटीतल्याच जिम कमिन्स यांनी आयुष्यभर यावरच काम केलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की बोलायची भाषा आणि शाळेच्या अभ्यासाची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवीन आलेलं मूल बोलायचं इंग्लिश दोनेक वर्षांत उचलतं, अभ्यासाच्या इंग्लिशला पाच ते सात वर्षं लागू शकतात, आणि एका भाषेत विचार करायची, कारण द्यायची सवय लागली की ती दुसऱ्या भाषेतही कामाला येते. विहिरीत पोहायला शिकलेला पोरगा नदीत काही पहिल्यापासून शिकत नाही ना, तसंच. घरी आईवडलांनी मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये "होमवर्क डन?" एवढंच विचारायचं, त्यापेक्षा मराठीत तासभर कडाकडा वाद घातलेला कितीतरी बरा.

आणि तुम्हीही काम करा. कॉलवर जेवलास का, थंडी आहे का हे पुरे आता. त्याला विचारा, रंकाळ्यावर गाड्या बंद कराव्यात का, तुला काय वाटतं? तो काहीतरी म्हणेल, तुम्ही मुद्दाम उलट बाजू घ्या. मराठी अडलं तर मध्ये इंग्लिश घालू दे. ती टेस्ट त्याला दुसरं काही विचारत नाही.

प्रश्न: मुलाला डिस्लेक्सिया आहे, आयईपी (शाळेने त्याच्यासाठी लिहून दिलेला शिकवण्याचा खास आराखडा) आहे. सवलत मिळते का?
(ओकव्हिल)

उत्तर: मिळते. आयईपीत जे लिहिलंय आणि वर्गातल्या परीक्षांना जे एरवी वापरतात, जादा वेळ, वेगळी खोली, वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, ते टेस्टलाही मागता येतं. पण टेस्टच्या आदल्या आठवड्यात धावपळ करू नका, सप्टेंबरमध्येच आयईपी उघडून ते शब्द त्यात खरंच आहेत का बघा. तोंडी "हो हो देऊ" वर राहू नका. आणि ते सॉफ्टवेअर सरावात वापरलेलं असू दे, त्या दिवशी पहिल्यांदा नको.

प्रश्न: हाय, मी स्वतः ग्रेड टेनला आहे, आई हे मॅगझिन वाचते म्हणून लिहितोय (आईनेच टाइप केलंय, मला मराठी वाचता येतं पण लिहिता नाही). टेस्ट ऑनलाइन आहे ना, मग सिस्टिम क्रॅश झाली तर? आणि किती लिहायचं?
(मिल्टन)

उत्तर: ये रे, आईशिवाय कोणीतरी लिहिलं! क्रॅशची भीती अगदीच खोटी नाही, २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा ऑनलाइन ट्रायल घेतली तेव्हा सायबर हल्ला होऊन सगळंच कोलमडलं होतं. पण २०२१ पासून टेस्ट ऑनलाइनच होतेय आणि लाखो मुलांनी दिली, तेव्हा ती काळजी शाळेला करू दे. तू स्वतःची दोन कामं कर. एक म्हणजे सराव परीक्षा लॅपटॉपवर पूर्ण दे, फोनवर नाही, म्हणजे उतारा आणि प्रश्न मागेपुढे कसे जातात ते कळेल, दोन्ही सेशनना किती वेळ लागतो तेही कळेल. दुसरं, टायपिंग. तू अंगठ्यांनी भरपूर टाइप करत असशील, कीबोर्डवर दोन बोटं शोधत बसलास तर डोक्यातलं वाक्य पूर्ण व्हायच्या आत अर्धं उडून जातं. रोज दहा मिनिटं पुरतात.

किती लिहायचं याचं उत्तर स्क्रीनवरच्या जागेत असतं. मोठी जागा दिली असेल तर दोन ओळी चालणार नाहीत, लहान असेल तर निबंध नको. एकही प्रश्न रिकामा सोडू नकोस, येत नसलं तरी उताऱ्यातलं काहीतरी धरून लिही. आणि शाळेत ज्याला टेक्स्टमध्ये "यू", "बिकॉज" अर्धवट लिहायची सवय आहे ना, त्याने शेवटची पाच मिनिटं फक्त तेच शोधायला ठेवायची. त्या दिवशी नाश्ता करून जा, आणि आईला म्हणावं गेटपर्यंत सोडायला नको येऊ, बोर्डाची परीक्षा नाहीये.