तारे बघायला पहिली दुर्बीण कोणती घ्यावी, १०×५० की २०×८०? घरातले म्हणतात झूमवाली घे, सगळं एकातच मिळेल. (मला चष्मा आहे.)

१०×५०, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ५० मिलिमीटर रुंद. एवढं लिहून थांबणार होतो. पण ते "घरातले म्हणतात झूमवाली घे" वाचलं आणि गप्प बसवेना.

आमच्याकडचे "घरातले" म्हणजे दाजी, ताईचे यजमान. माणूस सोन्यासारखा, पण कुठल्याही यंत्राबद्दल त्यांचं शास्त्र एकच: आकडा मोठा तितकी वस्तू भारी. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी कौतुकाने दुर्बीण आणली. १०-३०×५० झूम, पुढच्या भिंगांना लालभडक कोटिंग, जणू दोन्ही डोळे आलेत. मी महिनाभर साध्या १०×५०चा जप करत होतो, त्यामुळे माझं हसू जरा ओढूनताणूनच आलं, हे कबूल.

त्याच रात्री गच्चीवर गेलो. मे महिना, चित्रा चांगली वर आलेली. पहिला मान दाजींचा. त्यांनी झूमचा खटका पार टोकाला ढकलला आणि ओरडले, "अरे, चित्रा दोन आहेत! जोडतारा!"

मी बघितलं. खरंच दोन. एक निळसर पांढरी ठिणगी आणि तिच्या खाली डावीकडे तशीच दुसरी. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. मग स्वातीकडे वळलो. तीही दोन. तेवढ्याच अंतरावर, खाली डावीकडेच. वसिष्ठ-अरुंधती बघितले तर चौघं! दुर्बीण हातातच हळूहळू तिरकी केली, तर दुसरी चित्रा पहिलीभोवती घड्याळाच्या काट्यासारखी फिरली. आकाशातला तारा माझ्या मनगटाच्या तालावर फिरत नसतो. डावा डोळा मिटला. चित्रा एकटी.

म्हणजे दोन नळ्या दोन दिशांना बघत होत्या. याला कॉलिमेशन बिघडणं म्हणतात. झूममध्ये हा रोग जास्त, कारण दोन्ही बाजूंची भिंगं आत एकदम आणि तंतोतंत सरकावी लागतात, आणि स्वस्त यंत्रात ती तशी सरकत नाहीत. वर झूमचा देखावाही अरुंद असतो. दाजींना म्हटलं, "एक डोळा मिटून बघा." त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "एका डोळ्याने ताकद निम्मी होते रे, मग दुसरी कशी दिसणार?"

तिथेच मिटलं असतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या कुठूनतरी वाचनात आलं की चित्रा खरोखरच जोडतारा आहे. झालं! तेव्हापासून घरात चार माणसं जमली की "मी याला चित्रेची जोडी दाखवली, याला पटलंच नाही" सुरू होतं, आणि ताई मान डोलावते.

तर आता इथे लेखी देतो. चित्रा जोडतारा आहे, मान्य. पण ते दोन तारे साधारण चार दिवसांत एकमेकांभोवती फेरी मारतात, सूर्य आणि बुधात जेवढं अंतर आहे त्याहून जवळ आहेत, आणि आपल्यापासून सुमारे २५० प्रकाशवर्षं लांब. ती जोडी १८९० साली हर्मन फोगेल यांना कळली तीसुद्धा वर्णपटातल्या रेषा मागेपुढे सरकतात यावरून, दोन ठिपके वेगळे दिसले म्हणून नव्हे. ५० मिलिमीटरच्या भिंगातून ती दिसणं शक्य नाही, दाजी.

हां, तुमचा प्रश्न.

२०×८० वाईट नाही, पण ती दोन किलोच्या आसपास जाते आणि हातात धरून तिचा काही उपयोग नाही. मित्राची एकदा आणली होती. गुरूच्या चंद्रांऐवजी पांढऱ्या रेघोट्यांचा गुंता दिसला. वीस पटीत चंद्र वीस पट मोठा दिसतो तसा हाताचा कंपही वीस पट होतो. तिला दणकट ट्रायपॉड लागतो, आणि डोक्यावरचा तारा बघायला ट्रायपॉडखाली मान घालावी लागते. १०×५० किलोभराच्या आत मिळते. खुर्चीत रेलून कोपर खुर्चीच्या हातांवर टेकवले की गुरूचे चार चंद्र, कृत्तिकांचा आख्खा पुंजका, मृगातला तेजोमेघ, पुष्यातला तारकागुच्छ, अंधारात देवयानी दीर्घिकेचा धुरकट डाग, सगळं पदरात पडतं. शनीची कडी मात्र दिसणार नाहीत, त्यासाठी दुर्बिणीवर रुसू नका.

७×५० का नाही? ५० भागिले ७ म्हणजे सात मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत बाहेर पडतो. विशीतली बाहुली अंधारात तेवढी उघडते, पन्नाशीनंतर बहुतेकांची उघडत नाही, मग उरलेला प्रकाश वाया. १०×५०चा झोत पाच मिलिमीटरचा, तो जवळपास सगळ्यांच्या डोळ्यात मावतो. शिवाय दिव्यांच्या उजेडाने फिकट झालेलं आकाश १० पटीत जरा काळं दिसतं.

दुकानात दोनच गोष्टी करा. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा. मागच्या भिंगात जे प्रकाशाचं टिकलीएवढं वर्तुळ दिसतं ते पूर्ण गोल हवं. कडा कापून चौकोनी झाल्या असतील तर आतलं प्रिझम हलक्या काचेचं आहे. बॅक-४ काच मागा. मग लांबच्या इमारतीची आडवी कड धरा आणि दुर्बीण डोळ्यांपासून वीतभर मागे घ्या. ती रेघ दोन्ही वर्तुळांतून सरळ गेली पाहिजे. एकीकडे वर, एकीकडे खाली असेल तर परत ठेवा, कितीही मोठा आकडा असो. लाल कोटिंग दिसलं तर हात पण लावू नका.

चष्म्याचं राहिलंच. नुसता लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस करता येतो. सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर चष्म्यासकटच बघावं लागेल. मग आय रिलीफ, म्हणजे डोळा मागच्या भिंगापासून जेवढा लांब ठेवून पूर्ण देखावा दिसतो ते अंतर, १५ मिलिमीटरच्या वर असलेली घ्या, नाहीतर देखाव्याची कड दिसणार नाही. हात फारच थरथरत असेल तर ८×४२ घ्या, मी काही म्हणणार नाही. महागातल्या सगळ्याच झूम टाकाऊ असतात असंही नाही, पण त्या पैशात साधी दुर्बीण केव्हाही सरस येते. आणि सूर्याकडे चुकूनही रोखू नका, मावळतानाही नाही.

ती झूम अजून आमच्या माळ्यावर आहे, दाजी. पुढच्या मे महिन्यात या. डावा डोळा मी मिटून धरतो.