तोटा झाला, तरी कर लागतोच

प्रश्न: वय 41, नाशिकला कारखान्यात नोकरी. 2024-25 मध्ये क्रिप्टोत ट्रेडिंग केलं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये 4 लाख मिळाले, जानेवारी ते मार्चमध्ये साडेचार लाख गेले. एकूण तोटाच असल्यामुळे रिटर्नमध्ये काही दाखवलं नाही. आता अमेरिकेची मध्यवर्ती बँक फेड पुढच्या बैठकीत व्याजदर कमी करेल अशी सगळ्यांची अपेक्षा आहे. मी फी भरून असलेल्या ग्रुपमध्ये त्यामुळे बिटकॉइनमध्ये सहा महिन्यांत 20 टक्के वाढ सांगतात. पत्नीच्या दागिन्यांवर 3 लाखांचं कर्ज काढून बैठकीआधी बिटकॉइन घेऊ का? 2 लाखांची एफडी आहे, ती मोडायची नाही. एक्स्चेंजचं स्टेटमेंट जोडलं आहे.

उत्तर: घेऊ नका. कारण पुढे सांगतो, पण आधी तुमच्या पत्रातलं ‘रिटर्नमध्ये काही दाखवलं नाही’ हे वाक्य. तुम्ही ते सहज लिहिलंय, आणि सगळ्यात महाग तेच पडणार आहे.

स्टेटमेंटमधल्या दोन ओळी बघा. 11 नोव्हेंबरची विक्री, नफा 62 हजार. 3 फेब्रुवारीची विक्री, तोटा 71 हजार. तुमच्या हिशेबात हे उणे 9 हजार. आयकर खात्याच्या हिशेबात हा 62 हजारांचा नफा, त्यावर साधारण 19 हजार कर. तोट्याची ओळ शून्य. एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या प्रत्येक नफ्यावर 30 टक्के, सेस म्हणजे उपकरासह 31.2 टक्के कर आहे. तोटा दुसऱ्या क्रिप्टोच्या नफ्यातूनही वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. खरेदीची किंमत सोडून कुठलाच खर्च वजा मिळत नाही. कर्जाचं व्याज नाही, ग्रुपची फी तर नाहीच. मला हा नियम अन्यायकारक वाटतो, पण कायदा आज हाच आहे.

म्हणजे 4 लाखांवर सव्वा लाख कर. वर्षभरात तुम्ही साधारण 25 लाखांची विक्री केलीत, त्यावर एक्स्चेंजने 1 टक्क्याप्रमाणे 25 हजार टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापलाय. उरले 1 लाख. हा टीडीएस तुमच्या पॅनवर, कापलेल्या कराची नोंद असलेल्या फॉर्म 26एएसमध्ये दिसतो. म्हणजे तुम्ही ट्रेडिंग केलंत हे खात्याला पहिल्यापासून माहीत आहे, फक्त तुमच्या रिटर्नमध्ये ते नाही. नोटीस आली आणि चुकीची माहिती दिली असं ठरलं, तर दंड कराच्या दुप्पट होऊ शकतो.

नोटीस येण्याआधी सुधारित माहितीचं अपडेटेड रिटर्न भरा. त्यात कर आणि व्याजावर जादा रक्कम लागते: तुमच्या वर्षासाठी मार्च 2027 पर्यंत 25 टक्के, त्यानंतर 50, मग 60 आणि 70. आत्ता भरलंत तर सगळं मिळून 1.4 लाखांच्या आसपास. एक वर्ष ढकललंत तर पावणेदोन लाखांच्या पुढे.

आता तुमचा प्रश्न. 3 लाखांवर 11 टक्के धरले तर सहा महिन्यांचं व्याज साडेसोळा हजार. भाव 20 टक्के वाढला तर नफा 60 हजार, कर 19 हजार, व्याज वजा, हातात 25 हजार. भाव 20 टक्के पडला तर 60 हजार गेले, वर व्याज, एकूण 76 हजारांचा खड्डा. म्हणजे नुसती बरोबरी साधायलाही चारपैकी तीन वेळा अंदाज खरा ठरायला हवा. ग्रुपवाल्यांनी हा हिशेब तुम्हाला दाखवला नाही. ते फी घेऊन मोकळे, दागिने तुमच्या घरचे.

शिवाय ज्या अपेक्षेवर तुम्ही पैसे लावताय, ती भावात आधीच बसलेली आहे. व्याजदर कपातीची शक्यता किती, हे वायदे बाजारातून रोज टक्क्यांत कळतं. मोठे खेळाडू तो आकडा बघूनच आधी खरेदी करतात. कपात झाली की ते नफा काढतात, नाही झाली की भाव कोसळतो. भाव जोरात हलतो तो अपेक्षेपेक्षा वेगळं घडलं तर.

हे तुम्ही स्वतः भोगलंय. नोव्हेंबर 2024 मध्ये ट्रम्प जिंकणार की नाही हे नक्की नव्हतं, म्हणून निकालानंतर बिटकॉइन 70 हजार डॉलरवरून महिन्याभरात लाखापलीकडे गेलं. तेव्हा तुम्ही कमावलंत. 20 जानेवारीच्या शपथविधीची तारीख मात्र सगळ्या जगाला ठाऊक होती. त्या दिवशी भाव 1 लाख 9 हजारांपर्यंत चढला आणि तिथून उतरणीला लागला. 6 मार्चला ट्रम्प यांचा सरकारी बिटकॉइन साठ्याचा आदेश निघाला, बातमी चांगलीच होती, तरी भाव पडला. लोकांना नवी खरेदी हवी होती, आदेशात होते ते जप्त केलेलेच बिटकॉइन. एप्रिलच्या सुरुवातीला भाव 75 हजारांच्या घरात. तुमचा साडेचार लाखांचा तोटा याच महिन्यांतला आहे आणि त्यातला प्रत्येक सौदा बातमीच्या आदल्या दिवसांत घेतलेला आहे.

क्रम असा ठेवा. या आठवड्यात स्टेटमेंट आणि 26एएस घेऊन सीएकडे जा, क्रिप्टोचा तक्ता व्यवहारागणिक भरायला सांगा. कर एफडी मोडून भरा. सहा-सात टक्क्यांची एफडी जपून कराची थकबाकी वाढवण्यात काहीच फायदा नाही. उरलेले 60 हजार आणीबाणीसाठी बँकेत राहू द्या. दागिन्यांना हात लावू नका. आणि कराचा आकडा पत्नीला आजच सांगा, कारण एफडी दोघांच्या नावावर असेल तर बँकेत सहीही दोघांची लागू शकते.