अ‍ॅपवर नवा आहेस ना? आधी एवढं वाच

मित्रा, ग्राइंडरसारख्या गे डेटिंग अ‍ॅपवर कुणाच्या तरी प्रोफाइलमध्ये 'काळे नकोत' ही ओळ वाचून तू स्वतःचं प्रोफाइलच उडवायला निघालास. थांब. सुरुवातीला तीनच गोष्टी सांभाळ.

१. फोटो उजळवू नकोस. नवीन पोरं हमखास हीच चूक करतात. फिल्टरमधला गोरा चेहरा पाहून आलेला माणूस समोर तोंड फिरवतो, ते जास्त लागतं. दिवसाउजेडी काढलेला साधा फोटो टाक.

२. आडनाव, वस्ती लगेच सांगायची घाई नको. आपल्या नागपुरात 'कुठे राहतो?' हा प्रश्न दर वेळी अंतरासाठी नसतो. 'इंदोरा' म्हटलं, म्हणजे दलितबहुल वस्तीचं नाव घेतलं, की काही जण जात ताडतात आणि पुढचा मेसेज येतच नाही. लपव म्हणत नाही मी. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाहीच. पण कधी सांगायचं ते तू ठरव.

३. वाद घालू नकोस. आवडनिवड प्रत्येकाला असते, पण अख्ख्या समाजाला 'नकोत' लिहिणं हा अपमानच. रिपोर्ट कर, ब्लॉक कर. ग्राइंडरनं २०२० मध्ये वंशानुसार माणसं गाळायचा फिल्टर काढायचं जाहीर केलं, पण माणसांच्या मनातला कोण काढणार?

अ‍ॅपवर मसाज देणारा कुणी तुझा फोटो मागून मग दर वाढवत असेल, तर सरळ नाही म्हण. आगाऊ पैसे तर नकोच.

पहिली भेट सीताबर्डीसारख्या गर्दीत, चहापुरती. आणि नागपुरात एलजीबीटी लोकांसाठी काम करणाऱ्या सारथी ट्रस्टच्या लोकांना एकदा भेट, तिथे आपली माणसं आहेत. प्रोफाइलमध्ये काय लिहायचं ते नंतर बोलू.