नेदरलँड्समधला एखादा छोटा, आडबाजूचा रेल्वेमार्ग सांगाल का? त्याचा इतिहास आणि स्थानकांसकट?

अ‍ॅमस्टरडॅम, रॉटरडॅम, उत्रेख्त या गाड्यांची माहिती कुठेही मिळते, त्यापलीकडचं काही सांगा, असं तुम्ही लिहिलं आहे. मग लेवार्डन–स्टाव्होरेन. देशाच्या उत्तरेला फ्रीसलंड प्रांतातला हा मार्ग साधारण पन्नास किलोमीटरचा आहे. रूळ एकेरी, डोक्यावर विजेच्या तारा नाहीत, डिझेलची दोन-तीन डब्यांची गाडी, सगळी मिळून नऊ स्थानकं आणि पन्नासेक मिनिटांचा प्रवास. मी या देशात राहतो आणि काही काम नसताना या गाडीत जाऊन बसणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे उत्तर थोडं पक्षपाती असेल.

आधी नकाशा उघडा आणि स्टाव्होरेन शोधा. आयसेलमेर नावाच्या विस्तीर्ण सरोवराच्या पूर्व काठावर, प्रांताच्या अगदी नैर्ऋत्य टोकाला हे चिमुकलं गाव आहे. लोकवस्ती हजाराच्या आसपास. पुढे पाणीच पाणी. एवढ्याशा गावासाठी कोणी रेल्वे टाकत नाही, मग इथे ती का आली? उत्तर पाण्याच्या पलीकडे आहे. समोरच्या काठावर एन्कहाउझेन नावाचं दुसरं बंदर आहे आणि अ‍ॅमस्टरडॅमहून येणारा एक रेल्वेमार्ग तिथे असाच धक्क्यापाशी येऊन संपतो. दोन्ही टोकं योगायोगाने समोरासमोर आलेली नाहीत. हा एकच रस्ता होता आणि त्याचा मधला वीसेक किलोमीटरचा तुकडा बोटीचा होता. आपल्याकडे मद्रासहून धनुष्कोडीपर्यंत आगगाडीने आणि तिथून बोटीने सिलोनला नेणारी ‘बोट मेल’ होती ना, त्यातलाच प्रकार.

एकोणिसाव्या शतकात आयसेलमेर नव्हतं. तिथे झाउडरझे हा खाऱ्या पाण्याचा समुद्र होता, उत्तर समुद्राचा देशाच्या पोटात शिरलेला मोठा फाटा. लेवार्डन ही फ्रीसलंडची राजधानी. तिथे रेल्वे पहिल्यांदा 1863 मध्ये हार्लिंगेन बंदराकडून आली, 1866 मध्ये ग्रोनिंगेनशी जोडणी झाली आणि 1868 मध्ये हेरेनफेन, मेपेल, झ्वोले असा दक्षिणेचा रस्ता खुला झाला. म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमला जायचं तर समुद्राच्या पूर्वेकडून लांबचा वळसा. शिवाय तो वळसा 1863 मध्ये स्थापन झालेल्या ‘स्टाट्सस्पोर्वेगेन’ कंपनीच्या ताब्यात. नाव सरकारी, पण कंपनी खासगीच. सरकारने बांधलेले मार्ग ती चालवायची. तिची प्रतिस्पर्धी होती ‘हॉलंडशे आयझेरेन स्पोरवेख मात्स्खापाय’, जिने 1839 मध्ये अ‍ॅमस्टरडॅम–हार्लेम ही देशातली पहिली आगगाडी चालवली होती. समुद्राच्या पश्चिमेचा मुलूख या कंपनीचा. तिला उत्तरेत शिरायला स्वतःची वाट हवी होती आणि सरळ रेघ मारली तर ती वाट समुद्रावरूनच जात होती.

1875 साली सरकारने नवे रेल्वेमार्ग बांधण्याचा एक मोठा कायदा केला. झानडाम–एन्कहाउझेन आणि स्टाव्होरेन–लेवार्डन हे दोन्ही मार्ग त्याच यादीतले. इकडे लेवार्डनहून वाटेतल्या स्नेक गावापर्यंत गाडी 1883 मध्ये धावली, स्टाव्होरेनला ती 1885 च्या नोव्हेंबरात पोहोचली. त्याच वर्षी पलीकडे एन्कहाउझेनलाही रूळ पोहोचले. 1886 मध्ये कंपनीच्या आगबोटी सुरू झाल्या आणि साखळी पुरी झाली. प्रवाशाने धक्क्यावर गाडीतून उतरायचं, बोचकी-पेट्या घेऊन बोटीत चढायचं आणि पलीकडे थांबलेल्या गाडीत बसायचं. मालाचं तसं करता येत नव्हतं, प्रत्येक पोतं दोनदा उतरवा-चढवा करावं लागे. म्हणून 1899 पासून अशा बोटी आल्या की ज्यांच्या डेकवरच रूळ होते. मालडबे सरळ बोटीवर ढकलायचे आणि पलीकडे ओढून काढायचे. मला या सगळ्या इतिहासात हा भाग सगळ्यात आवडतो. लोणी, चीज, गुरं हा फ्रीसलंडचा माल अशा रीतीने चाकांवरच समुद्र ओलांडायचा.

मग 1932 चा मे महिना. अभियंता-मंत्री कॉर्नेलिस लेली यांच्या आराखड्याप्रमाणे आफ्स्लाउटडाइक हा 32 किलोमीटरचा बांध पुरा झाला, समुद्राचं तोंड बंद झालं आणि खारं झाउडरझे हळूहळू गोड्या पाण्याचं आयसेलमेर झालं. पुढच्या वर्षी बांधावरून मोटाररस्ता सुरू झाला. पश्चिमेतून फ्रीसलंडला जायला आता बोट लागत नव्हती. यातली गंमत अशी की बांध रुंद ठेवताना रेल्वेसाठीही जागा राखली होती, पण तिथे रूळ कधी पडलेच नाहीत. पडले असते तर स्टाव्होरेनच्या मार्गाला कदाचित तेव्हाच टाळं लागलं असतं. तसं झालं नाही, पण ज्या कामासाठी तो बांधला होता ते काम मात्र संपलं. रूळवाल्या बोटी बंद झाल्या आणि राजधान्यांना जोडणारा हा रस्ता चार खेड्यांचा फाटा होऊन बसला. दोन्ही प्रतिस्पर्धी कंपन्या तोवर 1917 पासून एकत्र काम करू लागल्या होत्या आणि 1938 मध्ये त्यांची मिळून आजची ‘नेदरलँड्से स्पोर्वेगेन’ झाली. एका घरात आल्यावर वेगळी वाट सांभाळायची चुरसही उरली नाही.

विसाव्या शतकात युरोपभर असे कितीतरी फाटे उखडले गेले. हा का वाचला? माझ्या मते मुख्य श्रेय स्नेकला. लेवार्डन–स्नेक हा तुकडा रोज शाळा-कॉलेजला आणि नोकरीला जाणाऱ्यांनी भरलेला असतो. समुद्रापलीकडे जायला बांधलेली रेल्वे शेवटी दप्तरं पाठीला लावलेल्या पोरांनी टिकवली. दुसरं श्रेय स्वस्त गाड्यांना. 1980 च्या दशकात उत्तरेतल्या अशा कमी गर्दीच्या मार्गांसाठी हलक्या डिझेल गाड्या आणल्या. भरती-ओहोटीच्या चिखलातून चालत जाणाऱ्या लोकांना इकडे ‘वाडलोपर’ म्हणतात, तेच नाव या गाड्यांना पडलं. 1999 मध्ये मार्ग ‘नोर्डनेड’ या नव्या कंपनीकडे गेला आणि काही वर्षांनी ‘अरीव्हा’कडे. आज तिच्याच, स्टॅडलर या स्विस कारखान्यात बनलेल्या गाड्या धावतात. स्नेकपर्यंत फेऱ्या भरपूर, त्यापुढे स्टाव्होरेनपर्यंत साधारण तासाला एक.

आता स्थानकं, लेवार्डनपासून.

लेवार्डनला चार मार्गांचे रूळ येऊन मिळतात. गाडीला वेळ असेल तर ओल्डेहोव्हे हा कलता मनोरा बघून या. सोळाव्या शतकात बांधताना तो इतका खचू लागला की काम अर्धवटच सोडलं. चित्रकार एशर याच गावचा आणि हेर म्हणून गाजलेली नर्तकी माता हारीही इथलीच.

गाव सोडलं की सपाट हिरवळ, सरळ रेघेत खणलेले पाट, काळ्यापांढऱ्या गाई आणि दूरवर चर्चचा एखादा मनोरा. मांटखुम हे पहिलं छोटं स्थानक. पूर्वी या टप्प्यात आणखी काही थांबे होते, ते बंद झाले. या भागातली जुनी गावं मातीच्या उंचवट्यांवर वसलेली दिसतील. बांध घालायची विद्या येण्याआधी भरतीच्या पाण्यापासून वाचायला लोकांनीच शतकानुशतकं भर घालून ते उंचवटे केले.

मग स्नेक नोर्ड आणि स्नेक. स्नेकला उतराच. 1613 मध्ये बांधलेली वाटरपोर्ट ही जुळ्या मनोऱ्यांची पाण्यावरची वेस इथे आहे, स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर. स्थानकाच्या इमारतीला लागूनच खेळण्यातल्या आगगाड्यांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. रेल्वेवेडी मुलं बरोबर असतील तर पुढचा प्रवास त्या दिवशी होणार नाही, हे गृहीत धरा. ऑगस्टमध्ये इथे शिडाच्या होड्यांची मोठी जत्रा भरते, तेव्हा गाडीत उभं राहायलाही जागा मिळत नाही.

आयल्स्ट हे लाकूडकामाचं गाव. बर्फावर घसरायचे स्केट्स आणि सुतारकामाचे रंधे बनवणारा नोइटखेडाख्ट हा कारखाना इथलाच. इथली घरं रस्त्याच्या एका बाजूला आणि त्यांच्या बागा रस्ता ओलांडून कालव्याच्या काठाला अशी मांडणी आहे. वाऱ्यावर चालणारी ‘दे राट’ ही लाकूड कापायची गिरणीही आहे.

यापुढे गाडीचा खरा स्वभाव कळतो. वर्कम आणि हिंडेलोपेन ही दोन्ही स्थानकं गावाबाहेर आहेत, पंधरा-वीस मिनिटं पायपीट करावी लागते. रूळ टाकणाऱ्यांचं लक्ष बंदराकडे होतं, गावं मध्ये आली तर आली. वर्कमला सेंट गर्ट्रुडचं भलंमोठं चर्च आहे, इतक्या लहान गावात एवढं मोठं कशाला असं वाटावं असं. हिंडेलोपेन मात्र चुकवू नका. लाकडी पूल, कपितानांची जुनी घरं, तांबड्या-हिरव्या फुलावेलींनी रंगवलेलं फर्निचर आणि फ्रीजियनहून वेगळी अशी स्वतःची बोली. अठराव्या शतकापर्यंत इथली जहाजं बाल्टिकपर्यंत व्यापार करायची, त्या पैशाच्या खुणा घरोघरी दिसतात. स्केट्सचं संग्रहालयही इथेच. काउडुम-मोल्कवेरुम हे स्थानक दोन गावांच्या मध्ये शेतात उभं आहे, तिथे मी तरी आजवर कोणाला घाईत उतरताना पाहिलेलं नाही.

स्केट्सचा विषय निघालाच आहे तर ‘एल्फस्टेडनटोख्ट’ सांगतो. कडाक्याच्या थंडीत कालवे पुरेसे गोठले की फ्रीसलंडच्या अकरा शहरांतून जवळपास 200 किलोमीटरची बर्फावरची शर्यत होते. 1909 पासून ती फक्त 15 वेळा झाली, शेवटची 4 जानेवारी 1997 ला. त्या अकरा शहरांपैकी लेवार्डन, स्नेक, आयल्स्ट, स्टाव्होरेन, हिंडेलोपेन आणि वर्कम ही सहा या एका रेल्वेमार्गावर आहेत. कालवे आता तेवढे गोठत नाहीत, त्यामुळे निम्मी शर्यत गाडीत बसूनच करा.

शेवटचं स्टाव्होरेन. मध्ययुगात हे श्रीमंत व्यापारी बंदर होतं, मग मुखाशी वाळू साचली आणि वैभव गेलं. लोक याचा दोष एका धनाढ्य विधवेला देतात. तिने आपल्या कप्तानाला जगातली सर्वांत मोलाची वस्तू आणायला पाठवलं आणि त्याने गहू आणला. चिडून तिने तो समुद्रात ओतायला लावला. आपण कधी गरीब होणार नाही अशा गुर्मीत अंगठीही पाण्यात फेकली, ती काही दिवसांनी ताटातल्या माशाच्या पोटात निघाली आणि बाई भिकेला लागली. बंदरावर तिचा पुतळा आहे. पुतळ्यापासून थोडं पुढे गेलं की तोंड वासलेल्या अवाढव्य माशाचं कारंजं. अकरा शहरांत 2018 मध्ये बसवलेल्या कारंज्यांपैकी ते एक. मला आवडतं, पण गावात त्यावरून दोन तट आहेत.

तुम्ही उन्हाळ्यात येणार असाल तर फक्त जाऊन परत येऊ नका. एन्कहाउझेन–स्टाव्होरेन बोट अजून चालते, आता हौशी प्रवाशांची. अ‍ॅमस्टरडॅमहून सकाळी गाडीने साधारण तासाभरात एन्कहाउझेन गाठा, तिथलं झाउडरझे संग्रहालय पाहायचं असेल तर आदल्या दिवशी मुक्काम करा. बोटीला सव्वा-दीड तास लागतो. मग स्टाव्होरेनहून लेवार्डन आणि लेवार्डनहून झ्वोले, लेलीस्टाडमार्गे अ‍ॅमस्टरडॅमकडे परत. झ्वोले ते लेलीस्टाड हा मार्ग 2012 मध्ये सुरू झाला. त्यावरून जाताना खिडकीतून जी शेतं दिसतात ती झाउडरझेच्या तळाची जमीन आहे, पाणी उपसून काढलेली. म्हणजे एका दिवसात तुम्ही तोच समुद्र एकदा बोटीने आणि एकदा कोरड्या पायांनी पार करता.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. बोट साधारण एप्रिल ते ऑक्टोबर असते आणि दिवसाला मोजक्याच फेऱ्या, तेव्हा आधी बोटीची वेळ बघून मग गाड्या ठरवा. सायकल बोटीत घेतात, मोटार घेत नाहीत. गाड्यांना बँकेचं कार्ड टेकवून बसता येतं, पण लेवार्डनला कंपनी बदलते. एका कंपनीच्या कार्ड वाचणाऱ्या खांबावर कार्ड टेकवून बाहेर पडायचं आणि दुसरीच्या खांबावर पुन्हा टेकवून आत जायचं. बोटीचं तिकीट वेगळं काढावं लागतं.